डाव्या रायफलीचा फोटो उलटा छापलात

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला शिकारी रायफल बनवून घेण्यावरचा लेख वाचला, आवडला पण. फक्त डावखुऱ्यांची म्हणून जी रायफल फोटोत दाखवलीय ती डावी नाहीच, उजव्या रायफलीचा फोटो उलटा करून टाकलाय. भिंग घेऊन बघा, रिसीव्हरवरची (नळीच्या मागचा लोखंडी भाग) अक्षरं आरशात दिसतात तशी आलीत. आधी खूप हसलो, मग खाली ते वाक्य दिसलं की डावखुऱ्याने सरळ उजवी ॲक्शन (काडतूस आत घेऊन झाडणारी आणि पुंगळी बाहेर टाकणारी यंत्रणा) घ्यावी, सवय होते. तिथे हसू थांबलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

सवय होते हो, मी स्वतः बारा वर्षं उजव्या बोल्टवर, म्हणजे उजवीकडे हँडल असलेल्या मागेपुढे सरकणाऱ्या दांड्यावर, काढली. पण काय होतं ते ऐका. दस्ता डाव्या खांद्याला, गाल दस्त्यावर, एक गोळी गेली आणि दुसरी लगेच लागणारे, की डावा हात चापावरून सोडायचा, स्कोपच्या (नेमाची दुर्बीण) वरून पलीकडे न्यायचा, हँडल उचलायचं, मागे ओढायचं, ढकलायचं, आणि हे करताना गाल उचलला जातोच, पुंगळी नाकासमोरून उडते, परत डोळा लावेपर्यंत जनावर दोन झाडं पलीकडे. रायफल रेस्टवर, म्हणजे आधारावर, टेकवून उजव्या हाताने बोल्ट चालवला तर जमतं, पण शिकारीत प्रत्येक वेळी रेस्ट कुठून आणणार. शिवाय काडतुसाचा प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) फुटला किंवा पुंगळी फाटली तर गॅस बऱ्यापैकी पोर्टच्या, म्हणजे पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीच्या, बाजूनेच बाहेर येतो, आणि डावखुऱ्याचं तोंड नेमकं त्याच बाजूला असतं. हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं.

आणि एक, डावी ॲक्शन घ्यायची की नाही हे हातावरून नाही, डोळ्यावरून ठरवा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, त्यातून लांबची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताने जेवणारे पण डाव्या डोळ्याचे असे लोक आहेत, त्यांनी पण हे पत्र वाचावं.

आता ॲक्शनचं. डाव्या ॲक्शन कमी, पण मिळतच नाहीत असं नाही. सॅव्हेजने 110 मॉडेल 1958 मध्ये काढलं आणि पुढच्याच वर्षी डावं आणलं, रेमिंग्टन 700 डावी मिळते, टिक्का टी3एक्स मिळते. नुसती ॲक्शन मिळत नसेल तर याच्यातली एखादी अख्खी डावी रायफल, जुनी का असेना, घ्यायची आणि नळी, दस्ता बदलून टाकायचा, बरेच वेळा हेच स्वस्त पडतं. माझं मत विचाराल तर रेमिंग्टन 700 च्या धाटणीची घ्या, कारण दस्ते, ट्रिगर, मॅगझिन सगळं तिच्यासाठी जास्त बनतं. माउझर 98 च्या बोल्टवर असतो तसा पुंगळी ओढणारा मोठा पंजा काडतूस आत जातानाच पकडून ठेवतो, घाईत बोल्ट अर्धवट ढकलून परत मागे ओढला तरी डबल फीड (एका काडतुसामागे दुसरं अडकणं) होत नाही, धोकादायक जनावराच्या मागे जाणारे त्याच्यावर जीव टाकतात ते उगाच नाही. हरणासाठी माझं तरी त्याच्यावाचून अडत नाही.

काडतूस आधी ठरवा मग ॲक्शनची लांबी. 308 विंचेस्टर साधारण 71 मिलिमीटर, शॉर्ट ॲक्शनमध्ये आरामात. 30-06 जवळपास 85, लाँग लागते. फसतात ते 7 बाय 57 वाले, 78 च्या आसपास लांबी, शॉर्टमध्ये घालायचं तर गोळी खोल बसवावी लागते आणि मग त्या काडतुसाची मजाच जाते. बोल्टचं तोंड, जिथे काडतुसाचं बूड बसतं, ते पण बघा, 308, 30-06 च्या बुडाला 12 मिमी, बेल्टेड मॅग्नमला (बुडाजवळ पट्टा असलेली जास्त जोराची काडतुसं) साडेतेरा. बोल्ट किती उचलावा लागतो हे पण महत्त्वाचं, माउझरचा 90 अंश, टिक्काचा 70, वेदरबी मार्क 5 चा 54. कमी उचलायचा तेवढा स्कोपमध्ये बोट अडकत नाही.

नळीच्या आट्यांचं लोक हमखास विचारतात, त्या डाव्या ॲक्शनला पण नेहमीच्याच असतात, उलट्या नसतात, त्यामुळे त्याच मॉडेलच्या उजव्या रायफलीची नळी पण सहसा चालते. दस्ता मात्र चालत नाही आणि इथे माझी फजिती सांगतो. ॲक्शनचा पत्ता नसताना अक्रोडाचा एक सुंदर दस्ता घेऊन बसलो, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. डावी ॲक्शन आली, ठेवून बघितली तर हँडलसाठीची खाच उजवीकडे, गालाचा उंचवटा डावीकडे, म्हणजे सगळंच उलटं. गनस्मिथ म्हणाला डावीकडे नवीन खाच पाडतो, उजवीकडची लाकडाने बुजवतो. बुजवली पण त्याने, नीट बुजवली, तरी तो तुकडा ऊन पडलं की वेगळ्या रंगाचा चमकतो आणि बघणारा प्रत्येक जण आधी तिथेच बोट ठेवतो.

ऑर्डर देऊन ॲक्शन बनवून घेणार असाल तर नुसतं डावी म्हणू नका, बोल्ट कुठे आणि पोर्ट कुठे हे वेगवेगळं लिहून द्या. बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून अचूक नेमबाजी करणारे) मुद्दाम बोल्ट एका बाजूला आणि पोर्ट दुसऱ्या बाजूला मागतात, त्यामुळे बनवणाऱ्याने गृहीत धरलं तर तसं काहीतरी हातात पडू शकतं. आणि पैसे देण्याआधी डमी काडतुसं घालून, रायफल खांद्याला लावून, गाल न उचलता दहा-वीस वेळा बोल्ट चालवून बघा.

तर पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापा. खरा डावा फोटो हवा असेल तर माझ्याच रायफलीचा पाठवतो, ठिगळ दिसेल त्यात, पण अक्षरं सरळ असतील.

आपला,
एक डावखुरा वाचक