आजोबांचा जिना

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तावातावाने सांगितलंस, की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तुझ्या गाडीच्या सीटवर बादलीभर पाणी ओतलं. गाडी कुठे लावली होतीस विचारलं, तर गप्प बसलास. जिन्याच्या तोंडाशीच ना?

दिवाळीनंतर तुला सोडायला आलो होतो तेव्हा तो जिना मी पाहिलाय. लाकडी, अरुंद, कठड्याच्या जागी जाड दोरी बांधलेली. आजोबा दुधाची पिशवी घेऊन आले आणि तीन गाड्यांमधून अंग चोरून, आडवं होऊन वाट काढत होते. एक पाय पायरीवर टेकला, हात दोरीपर्यंत पोचेना. मी पुढे होऊन पिशवी धरली. "असू द्या, रोजचंच आहे," म्हणाले. ते 'रोजचंच' माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

पाणी ओतणं मलाही पटलेलं नाही. पण बाळा, त्या आधी त्यांनी किती दिवस सांगून पाहिलं असेल?

तू राहतोस त्या सदाशिव पेठेनं बाहेरगावची पोरं काही आजच पाहिलेली नाहीत. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं. त्यातली मुलं झोळी घेऊन घरोघरी माधुकरी मागत आणि शिकत. वार लावून, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी, जेवणारी मुलं तर त्याच्याही आधीपासून होती. घरातली बाई पोराला नावानं हाक मारून वाढायची. आता कॉटचं भाडं, मेसचं कार्ड, अभ्यासिकेची फी; पैसे दिले की संबंध संपला. यात घरमालकही कमी नाहीत. चौघांच्या खोलीत सहा कॉट घालतात आणि सोडताना डिपॉझिट कापतात. शहाण्णव साली रंगाचे म्हणून माझेही निम्मे कापले होते. तेव्हा नव्या पुस्तकांचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न पडला होता, तो राग मला कळतो.

पण त्या रागापायी सगळी पेठ वैरी धरू नकोस. जून २०२३ मध्ये याच पेठेत दिवसाढवळ्या एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला. तेव्हा मध्ये पडून हल्लेखोराला अडवणारा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बाहेरगावाहून आलेला, तुझ्यासारखाच. टीव्हीवर ते बघताना तुझी आई रडली होती. तो त्या मुलीला ओळखतही नव्हता. तुला तर आजोबा रोज दिसतात, आणि त्यांचं नाव विचारलं तर तुला सांगता आलं नाही.

रात्री दोनला चहा पिऊन येता तेव्हा बोळात मोठ्यानं बोलू नका, हेही त्यातच आलं.

गावातल्या पोराबरोबर आईनं घरची तूरडाळ पाठवली आहे. दोन किलोची पिशवी वेगळी बांधलीय, ती आजोबांची. आधी गाडी तिथून हलव, मग वर जा. आणि नाव विचारून ये.

तुझा,
बाबा