शर्वरीस, लिस्बनच्या पत्त्यावर

फोंडा, गोवा
रविवार, रात्री

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

दुपारी तू फोन आपटलास. आई म्हणाली, परत लावू नका, लिहा. लिहिताना तुमचा आवाज चढत नाही. गोळ्यांचा विषय काढायचा नाही, असंही तिने वदवून घेतलंय. तेव्हा आधी टोपलीचं बोलू, ब्राझीलची गायिका-नटी कार्मेन मिरांडा रंगवताना तू डोक्यावर घेणार आहेस त्या फळांच्या टोपलीचं.

फोटो पाहिले. टोपली दिसते झकास, पण ती प्लास्टिकच्या हेअरबँडवर गरम गोंदाने चिकटवलेली आहे, हे कडेने काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसतंय. ती पहिल्याच प्रयोगात सुटणार. थर्मोकोलला गरम गोंद लावला की तिथे थर्मोकोल वितळून खड्डा पडतो आणि पकड नुसती वरवरची राहते. त्यात घाम आणि दिव्यांची धग. शिवाय सगळा भार कपाळावर आलाय. अर्ध्या तासात कपाळावर लाल वळ उठेल, डोकं ठणकायला लागेल आणि तू नकळत मान पुढे काढून नाचशील.

तुमच्या कपडेपटाच्या बाईंना सांग, आधी टोपी करा. बकरमचे, म्हणजे खळीच्या कडक कापडाचे, दोन थर, एकाचा ताणा दुसऱ्यावर आडवा, ओले करून डोक्याच्या साच्यावर ओढून बसवायचे आणि तसेच वाळू द्यायचे. कडेला तार घालून वरून सुती पट्टी शिवायची. आतून कपाळाशी फोमची पट्टी. केस चापून, दोन चपट्या वेण्या डोक्याभोवती गुंडाळायच्या, वरून स्टॉकिंगची टोपी. पिना त्या वेण्यांत अडकतात, मोकळ्या केसांत नाही. फळं फोमची कोरायची आणि वर कापड चढवायचं. मेणाची नकोत, प्लास्टरची तर नकोतच. प्रत्येक फळ दोन ठिकाणी शिवायचं. एकाच टाक्यावर असलं की गिरकीला फिरतं आणि शेजारच्याला घासतं. सगळ्यात उंच वस्तू कानांच्या रेषेच्या जरा मागे बसली पाहिजे. मानेमागून इलास्टिक. सगळं मिळून वजन सहाशे ग्रॅम, फार तर सातशे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघ, अंदाजाने नको. मग हनुवटी छातीला टेकव, डोकं जोरात हलव, दोन्ही बाजूंना गिरकी घे. काही सरकलं तर परत शिवायला द्यायचं, वरून पीन टोचून वेळ मारून न्यायची नाही.

तुझ्या दिग्दर्शकाला म्हणे मनोरा हवाय, त्या 1943 च्या चित्रपटातल्यासारखा. ‘द गँग्ज ऑल हिअर’मधलं दिग्दर्शक बझबी बर्कलीचं केळ्यांचं गाणं ना? त्यांना पुन्हा बघायला सांग. शेवटी केळी डोक्यावरून पडद्याच्या वरच्या टोकापर्यंत चढत जातात, ती कार्मेनने डोक्यावर घेतलेली नाहीत. मागे रंगवलेला पडदा आहे. तिची टोपली आणि पडद्यावरची केळी एका रेषेत येतील असा कॅमेरा लावलाय, एवढंच. रंगमंचावर हेच करता येतं. मागे कापड सोडा आणि तुला त्याच्यापुढे नेमक्या खुणेवर उभी करा. पोरीच्या मानेवर मनोरा कशाला?

कार्मेनला यातलं काही कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गळ्याआधी तिच्या हातात सुई होती. जन्म 9 फेब्रुवारी 1909, पोर्तुगालात मार्को द कानावेझिशजवळच्या खेड्यात. बाप न्हावी आणि ऑपेराचा शौकीन, म्हणून मारिया दु कार्मु या पोरीला घरात कार्मेन म्हणू लागले. ती वर्षाचीही नव्हती तेव्हा कुटुंब रिओला गेलं. थोरली बहीण ओलिंदा क्षयाने आजारी पडली, तिला उपचाराला पोर्तुगालला पाठवलं, आणि औषधपाण्याला पैसे हवेत म्हणून ही चौदाव्या वर्षी टायच्या दुकानात उभी राहिली. पुढे टोप्यांच्या दुकानात काम केलं आणि तिथे टोपी बांधायला शिकली. सिनेमातले फेटे ती स्वतः बांधायची ते त्या हिमतीवर. बहिणीसाठी कोण शिक्षण सोडून कामाला लागतं, हे आपल्या घरात तुला वेगळं सांगायला नको. आत्तेला पत्रातला हा भाग वाचून दाखवणार नाही.

1930 साली तिची एक तबकडी रिओत तुफान खपली. मग रेडिओ, रिओतला उर्काचा कॅसिनो, चित्रपट. तो पोशाख पहिल्यांदा पडद्यावर आला 1939 च्या ‘बानाना दा तेर्रा’त. गाणं दोरिव्हाल काइमीचं, बाहियातल्या बायकांच्या साजशृंगाराचं. साल्वादोरच्या रस्त्यांवर खाद्यपदार्थ विकणाऱ्या काळ्या बायकांचा तो वेश: लेसचा घेरदार घागरा, खांद्यावर वस्त्र, गळाभर मणी, डोक्याला फडकं. कार्मेनने तो चमकीचा केला, फेट्यावर इवल्या टोपल्या बसवल्या. हॉलिवूडने त्यात फळांचा बाजार ओतला. तेव्हा तुझ्या अंगावर जे येणार आहे ते मुळात कष्टकरी बायकांचं लेणं आहे, ही जाण ठेवून नेस. (हे भाषण झालं. पण खोडत नाही.)

घागऱ्याचं माप कुणी घेतलं? उभं राहून, पोट आत ओढून घेतलं असेल तर पुन्हा घ्यायला लाव. गाणारीचं माप पूर्ण श्वास भरून घ्यायचं. फासळ्यांशी रिकाम्या आणि भरल्या श्वासात चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडतो. कपडा भरल्या मापाचा हवा. तो पोशाख दोन तुकड्यांत असतो ते बरं, बरगड्या मोकळ्या राहतात. कमरेचा हूक इलास्टिकवर लावून घे. तालमीत दम लागला तो या हुकामुळेही असेल, असं मी आईला सांगितलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तेव्हा आता लिहितोच. शर्वरी, ज्या गोळ्या तुझ्या नावाने लिहून दिलेल्या नाहीत त्या तू घेऊ नकोस. “सगळेच घेतात, बाबा,” म्हणालीस. कार्मेनच्या वेळीही सगळेच घेत. दिवसा शूटिंग, रात्री क्लबातले खेळ. उठून उभं राहायला अँफेटामाइन, मग ते उतरत नाही म्हणून झोपायला बार्बिट्युरेट. दोन्ही डॉक्टर लिहून देत, लपूनछपून काही नव्हतं. एक हृदयाला चाबूक मारतं, दुसरं लगाम खेचतं, आणि थकवा मात्र जिथल्या तिथेच राहतो, फक्त कळेनासा होतो. वर सिगारेट आणि दारू. 1945 मध्ये ती अमेरिकेतली सर्वांत जास्त कमावणारी स्त्री होती, वर्षाला दोन लाख डॉलरांवर. झोप तिला त्यातून विकत घेता आली नाही.

1954 च्या डिसेंबरात ती इतकी खचली की चौदा वर्षांनी रिओला परतली. कोपाकाबाना पॅलेस हॉटेलात डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या सोडवल्या. चार महिन्यांत उभी राहिली आणि एप्रिलमध्ये पुन्हा अमेरिकेला, पुन्हा त्याच घाण्याला. ऑगस्टमध्ये संपलं.

4 ऑगस्ट 1955. विनोदी नट जिमी ड्युरँटीच्या टीव्ही कार्यक्रमाचं चित्रण. ते उपलब्ध आहे, बघ. नको, एकटी असताना बघू नकोस. नाचता नाचता तिचा गुडघा खाली जातो. ड्युरँटी वाद्यं थांबवायला सांगतो, हात देऊन उठवतो. ती छातीवर हात ठेवते, म्हणते दम लागला, आणि हसते. तो म्हणतो, तुझी वाक्यं मी म्हणतो. लोकही हसतात. ती अंक पुरा करते, हात हलवत, चुंबनं फेकत आत जाते. पुढच्या पहाटे बेव्हर्ली हिल्सच्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने गेली. वय 46. ऑक्टोबरात तो भाग दाखवला, त्यात तो क्षण तसाच आहे.

तू दुपारी सांगितलंस, “तालमीत बसकण मारली, सगळे हसले, मीपण हसले.” त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही.

तुझं वय काय, तिचं काय, कळतं मला. तू म्हणशील, बाबा कुठल्या कुठे नेतात. माफ कर. पण फार्मसीत जाऊन विचारू नकोस, सेंत्रु द साऊदला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात जा, उतेंत नंबर (रुग्ण-नोंदणीचा क्रमांक) आहे तुझा, आणि डॉक्टरांना गोळीचं पाकीट नेऊन दाखव. नाव चुकीचं सांगितलंस तर तपासणी चुकते. ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड. बायकांना दम लागतो त्यात बऱ्याचदा रक्त कमी असतं, असं आई म्हणते. तीस वर्षं नर्स होती, तिचं ऐक.

बुटांचं राहिलं. कार्मेनची उंची पाच फुटांच्या आसपास, म्हणून ते ठोकळे. टाचेची उंची महत्त्वाची नाही, टाच आणि पुढचा तळ यांतला फरक मोजायचा. टाच साडेचार इंच आणि पुढे दोन इंच म्हणजे पायाला अडीचच. पण जाड तळ वाकत नाही, त्यामुळे चवड्यावरून पाऊल उचलायला गेलीस तर घोटा मुरगळणार. पाऊल कमरेतून उचल, घोट्याला पट्टा हवाच. तिचं नाचणं नीट पाहा, पाय फार थोडे हलतात. डोकं एका पातळीत राहतं, काम सगळं हात, डोळे आणि कंबर करतात. टोपली पडत नाही ती म्हणून.

आणि विनोद. तुझे दिग्दर्शक मोडक्या उच्चारावर हशा घ्यायला सांगतात, असं लिहिलं होतंस. तिचं इंग्रजी पडद्यावर दाखवत त्यापेक्षा पुष्कळ चांगलं होतं. मोडकं हवं म्हणून मोडकं बोलायची. पण हशा खरा येतो तो वेगावर. पोर्तुगीज शब्द असे सुटतात की समोरचा नट तोंड उघडून बघत राहतो, आणि ती मध्येच डोळे फिरवून थांबते. थांबण्याची ती जागा शोध. 1947 च्या ‘कोपाकाबाना’त ग्राउचो मार्क्ससमोर तिने दोन भूमिका केल्या, एक ब्राझिलियन आणि एक बुरखेवाली फ्रेंच गायिका, त्यात कळतं बाईची तयारी किती होती. फॉक्स स्टुडिओने मात्र तिला एकाच साच्यात घातलं आणि लोक कंटाळू लागल्यावर कृष्णधवल चित्रपटांत ढकललं. टोपलीशिवाय तिला कुणी पाहायलाच तयार नव्हतं. तू या खेळानंतर लगेच दुसरी टोपली घेऊ नकोस.

म्हार्दोळच्या जत्रेत तू पहिल्यांदा उभी राहिलीस तेव्हा तुझा टोप मीच बांधला होता, तो कानावर आला आणि तू बोलता बोलता सरळ केलास, कुणाला कळलंही नाही. मला अजून कौतुक वाटतं. पण तू त्रास झाकायला तेव्हापासूनच शिकलीस की काय, असं आज वाटायला लागलंय.

करारात बदली नटीचं कलम आहे का? निर्माता शुबर्टने कार्मेनला ब्रॉडवेला नेताना साथीदार सगळे नको म्हटलं, ती अडून बसली: बान्दु दा लुआ, म्हणजे तिचा साथीदारांचा ताफा, येणार नसेल तर मीही नाही. काहींचा प्रवासखर्च शेवटी ब्राझील सरकारने उचलला. पुढे त्याच करारामुळे तिला न्यूयॉर्क सोडता येईना, आणि फॉक्सला 1940 च्या पहिल्या चित्रपटातली तिची गाणी न्यूयॉर्कला येऊन चित्रित करावी लागली. अडून बसता येतं, शर्वरी. ताप असला, दम लागला तर बदली उभी राहील, हे कागदावर मागून घे. तोंडी नको.

आणि तिकडचे काय म्हणतात, इकडचे काय म्हणतात, हे मनाला लावू नकोस. 1940 च्या जुलैत कार्मेन ब्राझीलला परत आल्यावर उर्काच्या कॅसिनोत बड्या लोकांसमोर इंग्रजीत बोलली, इंग्रजी गाणं गायली, आणि सभागृह गार. अमेरिकन झाली म्हणे. तिने दोन महिने घेतले आणि त्याच आरोपावर रचलेला सांबा घेऊन त्याच जागी उभी राहिली, टाळ्या घेऊन गेली. वारली तेव्हा मात्र अंत्ययात्रेला लाखो लोक. तुझ्या काकाचं बोलणं मी ऐकत नाही, तूही ऐकू नकोस.

सुट्टी मिळाली तर पोर्तुहून दोरू नदीच्या मार्गावरची गाडी धर, मार्को द कानावेझिशला उतर. तिच्या नावाचं संग्रहालय आहे. आयुष्यभर तिने पासपोर्ट पोर्तुगीजच ठेवला, पण स्वतः तिथे पुन्हा कधी गेली नाही. आपल्या घरातल्या पासपोर्टांची भांडणं आठवली.

बकरम आणि सुती पट्टी पार्सलने पाठवतोय, तिथलं मऊ निघालं तर. सोबत कोकम आणि आईने केलेले लाडू. रात्री उशिरा उपाशी झोपू नकोस, मुळात उशिरा झोपूच नकोस. झोपेला उशीर कसा होतो ते मला ठाऊक आहे, फोनवर तुझ्या खोलीतला दिवा दिसतो.

गोळीच्या पाकिटाचा फोटो आईला पाठव. मला नको, मी परत लिहीन. आणि सेंत्रु द साऊदची तारीख मिळाली की त्याच दिवशी कळव.

तुझे,
बाबा