माळा वाढवू नकोस

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा तू पाठवलेली तिकिटं माझ्या मेलमध्ये जागा नाही म्हणून परत आली, आणि तू लगेच "आई, 100 जीबी घेऊन देतो" म्हणालास. नको घेऊस. बाबांनी माळा वाढवला तेव्हाचं आठवतंय ना? जागा झाली म्हणून मिक्सरचं खोकं, टीव्हीचा थर्माकोल, तुझ्या दहावीच्या वह्या, सगळं वर गेलं. दिवाळीत आकाशकंदील मात्र दरवर्षी नवा आणायचो, कारण जुना सापडायचाच नाही.

गूगलचे फुकटचे 15 जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात. 1 जून 2021 पर्यंत गूगल फोटोजमध्ये थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तेवढे फुकट ठेवता यायचे. ती सवलत गेली, माझी सवय राहिली. आता व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच 15 मध्ये मोजतात. म्हणजे तुझी तिकिटं परत धाडली ती सुप्रभातच्या गुलाबांनी!

चार दुपारी पुसत बसले. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या अशा वेगळ्या काढून दाखवतात, त्यानं काम सोपं झालं. एकच आरती तीन ग्रुपवरून तीनदा आलेली. गणपतीवर बोट ठेवायला मन होईना. शेवटी 'पुनरागमनायच' म्हटलं आणि विसर्जन केलं. (गूगल फोटोजमधला फोटो चुकून पुसला तर घाबरू नये. बॅकअप झालेला असेल तर 60 दिवस कचरापेटीतून परत घेता येतो.)

खरं मी शोधत होते आजीच्या गोड्या मसाल्याची चिठ्ठी. फोटो काढला म्हणून निश्चिंत झाले आणि कागद रद्दीत गेला. 11,000 फोटोंत ती विजेच्या बिलाच्या आणि कुणाच्या तरी बारशाच्या मधे सापडली. 'दगडफूल एक मूठ, माझी मूठ' असं लिहिलंय. इतक्या वर्षांत एकदाही उघडून पाहिली नव्हती रे.

तुझ्या फोनमधल्या स्क्रीनशॉटांबद्दल मी बोलत नाही. फक्त 'नंतर वाचीन' म्हणून ठेवलेल्यातलं शेवटचं कधी वाचलंस, ते आलास की सांग.

चिठ्ठी कागदावर उतरवून मसाल्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. तिकिटं पुन्हा पाठव, आता येतील.

तुझी,
आई