नदीकाठची पानगळ

हॅडली, मॅसॅच्युसेट्स
१९ ऑक्टोबर

तीर्थरूप आई व बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी आईने विचारले होते, "सगळी झाडे अशी उघडी होताना पाहून तुला तिथे उदास वाटत नाही का रे?" फोनवर मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काल पहाटे मी कनेटिकट नदीच्या काठाने चालायला गेलो होतो. रात्री हवा फार गार होते, पण पाण्यात उन्हाळ्याची ऊब अजून शिल्लक असते. त्यामुळे पाण्यावरच्या वाफेचे लगेच बारीक थेंब होऊन धुके होते आणि पात्राच्या वळणावळणाने रेंगाळत राहते. नदी दिसत नव्हती, तिची वाट मात्र त्या पांढऱ्या पट्ट्यावरून कळत होती. ऊन टेकडीवरून खाली उतरू लागले तसे पलीकडच्या काठावरचे मेपल उजळत गेले, आधी शेंडे, मग फांद्या आणि धुके विरल्यावर सर्वांत शेवटी पाण्यातली त्यांची प्रतिबिंबे. मी तासभर तिथेच उभा होतो. मागच्या शेतात मक्याची वाळलेली ताटे वाऱ्याने सळसळत होती, तेवढाच काय तो आवाज.

ही सगळी जमीन पुरांनी आणून टाकलेल्या गाळाची आहे, सपाट आणि काळसर. या दिवसांत तिच्यावर मक्याची धसकटे आणि नारिंगी भोपळे उरलेले असतात. मधूनमधून तंबाखू सुकवण्याची लांब लाकडी कोठारे दिसतात. आत वारा खेळावा म्हणून त्यांच्या भिंतींच्या उभ्या फळ्या उघडता येतात. जवळच्या माउंट होल्योक डोंगरावरून दिसणारे नदीचे मोठे वळण थॉमस कोल या चित्रकाराने १८३६ साली रंगवले. पुढे १८४० मध्ये नदीने त्या वळणाची अरुंद मान फोडून सरळ वाट काढली.

आई, आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. दिवस लहान होऊ लागले की पानातले हरितद्रव्य विरते आणि आत पहिल्यापासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलचा लाल रंग मात्र झाड याच दिवसांत नव्याने तयार करते, आणि लख्ख ऊन व गार रात्री लाभल्या तर तो अधिक गडद होतो. पान गळण्याआधी देठाशी पेशींचा एक पापुद्रा तयार होऊन जखम बंद होते, आणि पुढच्या वसंताची कळी त्या जागी आधीच धरलेली असते. काल मी एक फांदी वाकवून त्या कळ्या पाहिल्या. ते पाहिल्यावर मला उदास वाटले नाही. उलट फार शांत वाटले.

आपल्या ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात सागाची पाने माघ-फाल्गुनात पायाखाली मोडतात, ती पाण्याच्या ओढीमुळे. इथे हेच काम थंडी आणि कमी झालेला उजेड करतात. आश्विनात आपल्याकडे पाने हिरवीच असतात आणि सोने शेतात असते. ठाण्याहून टिटवाळ्याला जाताना शहाडजवळ उल्हास नदी ओलांडली की बाबा मला खिडकीशी बसवून भाताच्या वाकलेल्या लोंब्या दाखवत. काल नदीवर उभा असताना मला तीच खिडकी आठवत होती.

बाबा, यंदा त्या बाजूला जाल तेव्हा लवकर पिकणारे हळवे भात कापून झाले का आणि उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताला रंग कसा आला आहे, ते मला सविस्तर कळवा.

आपला,
धाकटा