दुसरा गिअर का सटकतो

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस की आपली यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल दुसऱ्या गिअरमधून सटकते, आणि मिस्त्री म्हणतो इंजिन खोलावं लागेल. त्याचं बरोबरही असेल, पण तूर्त थांबव त्याला. या गाडीत गिअरपर्यंत पोचायचं तर केसिंगच्या, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या कवचाच्या, दोन फाका कराव्या लागतात, म्हणजे क्रँकसकट (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यासकट) सगळं बाहेर. आधी बाहेरून जेवढं कळतं तेवढं बघून घे.

क्लचच्या दांड्याला टोकाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल ठेव. क्लच पूर्ण सुटत नसेल तर गिअर खरखरत पडतो आणि बोल गिअरला लागतो. चेन ढिली असेल तर ताण. दुखणं हल्याला अन् औषध पखालीला, असं व्हायला नको.

मग पहाटे सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या रस्त्यावर जा. दुसऱ्यात टाक, डावा पाय गिअरच्या दांड्यावरून पूर्ण काढ आणि थ्रॉटल एकदम उघड, मग एकदम सोड. तीन-चारदा कर. पाय टेकलेला असला की दोष झाकला जातो. शिवाय सतत टेकलेल्या पायानं फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा आतला चिमटा, घासून पातळ होतो, ते वेगळंच. फक्त दुसराच सटकत असेल तर त्या गिअरचे डॉग (शेजारच्या गिअरमध्ये अडकणारे बाजूचे दात) किंवा त्याचा फोर्क गेला. सगळेच सटकत असतील तर दोष बहुधा फोर्क हलवणाऱ्या ड्रमला जागेवर धरणाऱ्या स्टॉपरचा किंवा स्प्रिंगचा.

आवाजही ऐक. न्यूट्रलमध्ये घरघर असेल आणि क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर बहुधा इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचला जोडलेल्या दांड्याचं, बेअरिंग. एकाच गिअरमध्ये कण्हल्यासारखा आवाज म्हणजे त्या जोडीचे दात.

खरी साक्ष तेलाची. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाडीत गिअरचं तेल वेगळं असतं, त्यामुळे त्यात पिस्टन-सिलिंडरची झीज मिसळत नाही. जे सापडेल ते एकतर गिअरबॉक्सचं, नाहीतर क्लचचं. दहा मिनिटं गाडी चालवून तेल गरम असतानाच काढ. जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यातून गाळ आणि गाळावर लोहचुंबक फिरव. चुंबकावर काजळासारखा राखाडी लेप बसला तर काळजी नको, जुन्या गाडीत तेवढं असतंच. चकचकीत खवले दिसले तर दातांची वरची कडक कातडी सुटायला लागली. ती एकदा गेली की आतलं मऊ पोलाद भराभर झिजतं. टोकदार कण म्हणजे कोपरा तुटलाय. त्यानंतर गाडी चालवायची नाही. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चमक बुशची (दांड्याभोवतीच्या पितळी कड्याची), पांढरी अॅल्युमिनियमची. काळपट भुसा क्लच प्लेटचा.

काढलेलं तेल मापात मोजायला विसरू नकोस. घातलं त्याहून बरंच कमी भरलं, खाली थेंबही नाही, आणि धूर मात्र वाढलाय, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, गेलंय. इंजिन गिअरचं तेल ओढून जाळतं आणि गिअर कोरडे पडतात. ते सील न बदलता नवे गिअर घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

खोलायची वेळ आलीच तर समोर उभी राहा. डॉगचे कोपरे काटकोनात, धारदार हवेत. वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गोल झाले असतील तर जागेवर टिकणार नाहीत. वेल्डिंग भरून घासून देतो म्हणाला तर नको म्हण, त्या उष्णतेनं कडकपणा जातो. एकमेकांत अडकणारे दोन्ही गिअर बदलायचे, एक जुना एक नवा चालत नाही. फोर्क काचेवर ठेवून बघ, डुलला तर वाकलाय. टोकं निळी पडली असतील तर तापलाय. सर्कलिप, म्हणजे गिअर जागेवर धरणाऱ्या कड्या, नव्याच. खोललंच आहे तर क्रँकची दोन्ही सीलंही.

तेल मोटरसायकलचंच घाल. कारचं घातलं तर क्लच घसरू शकतो. नव्या जोडीचं पहिलं तेल पाचशे किलोमीटरला काढ आणि तेही धोतरातून गाळ.

तुझे बाबा