गोणिया ठेवून दिला

गॉस्पोर्ट, इंग्लंड
9 नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

मागे एका रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी उताणा पडून माझ्या नव्या घराचं, म्हणजे बोटीचं, छत खरवडत होतो, तोंडाला मास्क. म्हणून उचलला नाही. नंतर वाटलं, हे फोनवर सांगून तुला कळायचं नाही, लिहावंच.

आधी बोट कुठली ते. वेस्टर्ली सेंटॉर, 26 फुटी, फायबरग्लासची, 1974 ची. म्हणजे आपल्यापेक्षा वयाने मोठी. 1969 ते 1980 या काळात अशा अडीच हजारांच्या आसपास बांधल्या गेल्या, त्यामुळे इथल्या खाड्यांत कुठे ना कुठे एखादी चिखलात उभी दिसतेच. हो, उभी! पोटाखाली मधोमध एक पठाण (बोटीच्या तळाचा उभा कणा) असण्याऐवजी हिला डावीउजवीकडे दोन आहेत. ओहोटीला पाणी गेलं की दोन पायांवर सरळ उभी राहते. राहायलाच घ्यायची म्हटल्यावर मी या एका गुणावर भाळलो. दिवसातून दोनदा कुशीवर कलंडणाऱ्या घरात आमटी वाढणार कशी?

विकणारा म्हणाला होता, आत "थोडी डागडुजी" आहे. छताला आतून रेक्झिनसारखं कापड चिकटवलेलं असतं, त्याच्या पाठीला स्पंजचा थर. पन्नास वर्षांत त्या स्पंजचा चुरा झाला आणि कापड पोटासारखं खाली लोंबायला लागलं. वेस्टर्ली कंपनीच्या जुन्या बोटींची ही ठरलेली व्याधी. मी एक टोक धरून ओढलं आणि सगळं एकदम अंगावर आलं. मागे राहिला तो तपकिरी, चिकट भुगा. हाताने चोळला की गुळासारखा ओढला जातो, घासला की उडतो. चार शनिवार-रविवार त्यात गेले. केस धुतले तरी उशीवर तपकिरी डाग.

ते निघाल्यावर खरं दुखणं दिसलं. डेकवरच्या कठड्याच्या खांबांचे बोल्ट गळत होते आणि पाणी वर्षानुवर्षं कापडामागून उतरून मधल्या लाकडी आडभिंतीच्या तळाशी मुरत होतं. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर शिळ्या भाकरीत घुसावा तसा मुठीपर्यंत आत गेला. सगळे बोल्ट काढून ब्युटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावून पुन्हा बसवले. कुजका भाग कापला. आणि इथे मला अण्णांची आठवण झाली.

तुमच्या पडवीत अण्णा सुतारकाम करायचे तेव्हा कुठल्याही फळीला आधी गोणिया, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लागायचा. मीही तेच केलं. मोठ्या ऐटीत काटकोन धरून मरीन प्लायचा (ओलाव्यात टिकणाऱ्या प्लायवुडचा) तुकडा कापला, आत नेला, आणि एका बाजूला बोटभर फट, दुसरीकडे तो शिरेचना. अरे, बोटीत काटकोन नावाची गोष्टच नाही! भिंत बाहेर झुकलेली, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळती, जमीन मधेच चढलेली. इथलं मरीन प्लाय म्हणजे काय भाव असतो, ते अण्णांना सांगू नकोस.

मग शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्याने युक्ती दाखवली. पातळ प्लायच्या पट्ट्या घ्यायच्या, एकेकीचं टोक भिंतीच्या वळणाला टेकवायचं आणि पट्ट्या एकमेकींना गरम गोंदाने जोडत जायचं. शेवटी हाती येतो खराट्यासारखा वेडावाकडा सांगाडा, पण त्याचं प्रत्येक टोक खरं असतं. तो अलगद बाहेर काढून प्लायवर ठेवायचा आणि टोकं जोडत पेन्सिल फिरवायची. दुसरा तुकडा रंध्याचे दोन हात मारल्यावर बसला. मी तिथेच बसून चहा प्यायलो. गोणिया कपाटात आहे. कपाटही वाकडंच आहे.

वायरिंग नवं केलं, बारा व्होल्टचं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. गॅसचं मात्र ऐक. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दाराखालून निघायला थोडी तरी वाट असते, पण बोटीला तळाशी भोक नसतं (नसावं!), तो तळात साचून राहतो. म्हणून सिलिंडर वेगळ्या बंद खणात, आणि त्या खणातून गॅस थेट बाहेर पडेल अशी नळी. त्यात मी एकही पाऊंड वाचवला नाही.

बाकी सगळं भांडण ओलाव्याशी. समुद्राचं पाणी आत येत नाही, पण माझ्याच श्वासाची वाफ थंड फायबरग्लासला लागून थेंब होते. पहिल्या महिन्यात गादी उचलली तर खालून ओली आणि काळी बुरशी. आता गादीखाली अख्खी फळी नाही, फटी ठेवून मारलेल्या पट्ट्या आहेत. छताला फोमचा थर आणि त्यावर प्लायचे तक्ते, स्क्रूने लावलेले, म्हणजे उद्या बोल्ट गळलाच तर तक्ता काढून हात घालता येईल. कुकर मात्र बंद झाला. तीन शिट्ट्यांत खिडक्यांवरून ओघळ लागायचे. आता डाळ भिजत घालतो आणि वरचं झाकण उघडून, कानटोपी घालून शिजवतो.

आई विचारते, हे सगळं कशासाठी, फ्लॅट काय वाईट होता? तिला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही. तुला द्यायची गरज नाही.

मे महिन्यात ये. तुझी झोपायची जागा नाळेत, तिथे पाय जुळवूनच झोपावं लागतं. आणि येताना अण्णांकडे त्यांची अर्ध्या इंचाची जुनी पटाशी माग, माझ्यासाठी म्हणून सांग, देतील. ती मोठ्या बॅगेत टाक. हातातल्या पिशवीत ठेवलीस तर विमानतळावरच काढून घेतील, आणि मग अण्णांना तोंड तू दाखव.

तुझाच,
वाकड्या घरातला