बाह्या पिशवीत, कापूस शिवारात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात सणासुदीच्या खरेदीवर पानंच्या पानं येतात म्हणून म्हटलं आपणही एकदा लिहून टाकावं. मी मानवतला शाळेत शिकवते, वय ४६, आणि मला अंगभर, सुती, जरा बरा दिसणारा कुर्ता मिळंना झालाय. हसू नका, खरंच सांगतेय.

मागच्या रविवारी एसटीनं अर्ध्या तिकिटात परभणी गाठली. चार दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात एक छान गुलाबी कुर्ता दिसला, गळा बरोबर, लांबी बरोबर, पण बाह्याच नाहीत. पोरगा म्हणाला, ताई बाह्या आत हायत की, लावून घ्या. बघते तर आत छोट्या पिशवीत दोन तुकडे. घेतला, टेलरकडं नेला, तर त्या तुकड्यात माझा दंडच मावंना! वर टेलर मावशी म्हणाल्या, कापड एवढंच दिलंय, मी काय करू. आता त्यावर ओढणी पिन करून शाळेत जाते.

बाकीचं जे दिसलं त्यात साइड कट पार कमरेपर्यंत. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की टॉप वर सरकतो आणि मागं सातवीचा वर्ग बसलेला, काय करायचं सांगा. अंगभर मागितलं की पोतं काढून देतात, खांद्यापासून खाली सरळ, जसं काही अंगभर घालणाऱ्या बाईला कंबरच नसते. मला झाकलेलं पण हवंय आणि नीट बसलेलं पण हवंय, यात एवढं अवघड काय आहे?

आणि कापड! हात लावला की सरकतं, घातलं की चिकटतं. परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तिथं हे पॉलिस्टर घालून बाईनं जगायचं कसं. माझे वडील नांदेड ४४ हे कापसाचं वाण लावायचे, आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची इतका कापूस. मानवतचा कापसाचा बाजार अख्ख्या मराठवाड्याला माहीत आहे. त्या गावात प्युअर कॉटन म्हटलं की दुकानदार दोन हजाराच्या पुढचं दाखवतो आणि पाचशेवाल्याला "कॉटनसारखंच आहे" म्हणतो. सारखंच म्हणजे काय हो? २०२५ च्या सप्टेंबरपासून २५०० पर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्केच झाला, आधी हजाराच्या वर गेलं की १२ होता. मला तर भावात कुठं फरक दिसला नाही.

शिवून घ्या म्हणतात लोक. अडीच मीटर टॉपचं कापड, अस्तर, शिलाई, वर तीन चकरा, हिशोब केला तर रेडिमेडच्या पुढं जातो. तरी पण या वेळी तेच करणार आहे.

आमच्याकडच्या बचत गटाच्या बायका पापड, शेवयांच्या जोडीला कापडी पिशव्या शिवायल्यात. त्यांनी साधे, पाऊण बाहीचे, खिसा असलेले सुती कुर्ते शिवले तर आमच्या स्टाफरूममधूनच दहा-बारा खपतील, ॲडव्हान्स मी गोळा करून देते. दुकानदारांनी एवढंच करावं की बाही लावूनच विकावं, आणि दंडाचं माप एकदा बाईला विचारून घ्यावं.

कुणाला गुलाबी बाह्या लागत असतील तर कळवा, नव्या कोऱ्या पडून आहेत.

— एक शिक्षिका, मानवत, जि. परभणी